पाणी वर कसं आलं? नववीच्या विहीर प्रकल्पातला एक वाद

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावचं हे हायस्कूल. नववीची एकच तुकडी. प्रयोगशाळा म्हणजे दोन कपाटं आणि एक लांब टेबल. शाळेचं आणि मुलांची नावं इथे देत नाही. विज्ञानाच्या शिक्षकांना नुसतं सर म्हणू. प्रशिक्षणाच्या निमित्ताने माझं त्या भागात जाणं-येणं होतं, त्यामुळे हे प्रकरण बरंचसं जवळून बघायला मिळालं.

सरांची तक्रार कुठल्याही विज्ञान शिक्षकाला ओळखीची वाटेल अशीच होती. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी पाच जणांचा गट पाडायचा. त्यातला एक हुशार, किंवा ज्याचा भाऊ आयटीआयला आहे असा, सिरिंजवर चालणारा जेसीबी बनवतो. एकीचं अक्षर वळणदार म्हणून तक्ता तिच्याकडे. उरलेल्या तिघांची नावं तक्त्याच्या खालच्या कोपऱ्यात. परीक्षकांपुढे बोलतो तोही पहिलाच. मग प्रमाणपत्रं पाच मिळतात आणि 'संघभावना वाढीस लागली' असं अहवालात लिहिलं जातं.

दोर ओढणारी माणसं वाढली की माणशी जोर कमी होतो, हे फ्रान्समधले कृषी अभियंते मॅक्स रिंगेलमान यांनी मोजून दाखवलं होतं. त्यांचा लेख १९१३ सालचा. आठ जण मिळून ओढायला लागले की प्रत्येकाचा जोर, तो एकट्याने ओढताना लावायचा त्याच्या जवळपास निम्म्यावर यायचा. पण रिंगेलमान यांच्या दोरावर निदान आठही जणांचे हात होते. आपल्या प्रदर्शनाच्या गटात तिघांचे हात दोराला लागतच नाहीत, आणि त्याचा दोष त्या तिघांना देणं मला पटत नाही. सिरिंजचा जेसीबी हे मुळात एकाचंच काम आहे. ते पाच जणांना दिलं की चौघांनी बघत राहायचं, एवढंच उरतं.

एकट्याला न जमणारं काम

नववी-दहावीला जलसुरक्षा हा श्रेणीचा विषय आहे. बऱ्याच शाळांत तो वहीपुरताच राहतो. सरांनी त्याच्या तासिका आणि शनिवारची सकाळची शाळा यांची सांगड घालून एक काम बसवलं. गावातल्या नऊ विहिरी आणि आड निवडायचे, आणि गणपती उठल्यापासून वार्षिक परीक्षेपर्यंत दर शनिवारी त्यांची पाणीपातळी मोजायची.

वरवर साधं वाटतं, पण निवड विचार करून केलेली होती. आपल्याकडचा खडक बेसाल्ट. पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खालच्या खडकाच्या भेगांत. त्यामुळे बांधाच्या अलीकडची विहीर मार्चपर्यंत साथ देते आणि पलीकडची संक्रांतीलाच तळ दाखवते. एका विहिरीवरून गावाचा अंदाज बांधता येत नाही. सगळ्या विहिरींचे आकडे लागतात, तेही एकाच सकाळी आणि शेतातल्या मोटरी चालू व्हायच्या आत. मुलगा कितीही हुशार असला तरी सकाळी सात वाजता नऊ ठिकाणी उभा राहू शकत नाही. माझ्या मते या प्रकल्पातलं निम्मं शिकवणं इथेच होऊन गेलं होतं.

साधन घरगुती होतं. नायलॉनची दोरी, तिला दर मीटरला लाल दोरा आणि दर पाव मीटरला पांढरा दोरा घट्ट गुंडाळलेला. टोकाला वजनासाठी लोखंडी नट, आणि नटाच्या खाली उलटी बांधलेली स्टीलची छोटी वाटी. वाटी पाण्याला टेकली की पोकळीत हवा कोंडते आणि 'टप्' असा आवाज येतो. त्या क्षणी दोरी कठड्यावर चिमटीत धरायची, वर ओढायची, आणि शेवटच्या खुणेपासून चिमटीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं. एकाने दोरी सोडायची, दुसऱ्याने कान देऊन 'थांब' म्हणायचं. दोरी सोडणाऱ्याला स्वतःला आवाज नीट येत नाही, कारण त्याचं लक्ष हातांवर असतं. दोघांपैकी एक नसला की मोजमाप होत नाही, हे मुलांना कुणी सांगावं लागलं नाही.

धोक्याची बाजू सरांनी आधीच बघून घेतली. कठडा नसलेली विहीर यादीत नाही. घरचं मोठं माणूस जवळ असल्याशिवाय दोरी सोडायची नाही. वाकून बघायचं नाही. आवाज ऐकायला वाकावं लागतच नाही. मुख्याध्यापकांनी पालकांची लेखी संमती घेतली ती याच अटींवर. शेतातली एक चांगली, भरपूर पाण्याची विहीर केवळ कठडा नाही म्हणून सोडून द्यावी लागली. मुलं त्यावर हिरमुसली, पण सर बधले नाहीत.

जोडी वस्तीची, गट मिसळलेला

मोजणाऱ्या जोड्या वस्तीप्रमाणे लावल्या. भल्या पहाटे मुलीला गावाच्या दुसऱ्या टोकाला पाठवायला कुठलेच आई-वडील तयार होणार नाहीत. आपल्या आळीतल्या आडावर मात्र ती रोज घागर घेऊन जातेच. सोयीच्या दृष्टीने हे बरोबर होतं. पण आपल्याकडे वस्ती म्हणजे बहुतेक वेळा जातही असते, आणि पाणवठा म्हटलं की ती आणखी ठळक होते. वस्तीच्या जोड्या करून तिथेच थांबलं असतं तर गावात आधीच असलेल्या भिंतीच प्रकल्पात उभ्या राहिल्या असत्या.

म्हणून दुसरी रचना केली. शनिवारी शाळेत आल्यावर जोड्या फुटायच्या. वर्गात चार 'ताळ्याचे गट' होते आणि प्रत्येक गटात वेगवेगळ्या वस्तीची मुलं. प्रत्येकाने आपल्या विहिरीचा आकडा घेऊन यायचा, आणि गटाने सगळ्या आकड्यांचा आलेख काढून त्यात खटकणारं काही आहे का ते शोधायचं. ज्याच्याकडे आकडा आहे त्याचं ऐकावंच लागतं. एरवी मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलाचा आकडा नसेल तर गटाच्या आलेखात खड्डा पडतो.

सरांना ठाऊक नसेल, पण या रचनेचा एक प्रसिद्ध पूर्वज आहे. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, ऑस्टिन शहरात १९७१ साली गोरी, काळी आणि हिस्पॅनिक मुलं नव्यानेच एका वर्गात बसू लागली होती आणि वर्गात धुसफूस होती. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तिथे धड्याचे तुकडे पाडून प्रत्येक मुलाला एकेक तुकडा दिला. तो दुसऱ्या कुणाकडे नसायचा, त्यामुळे एकमेकांना विचारल्याशिवाय कुणाचंच भागत नव्हतं. जिगसॉ पद्धत म्हणून ती पुढे जगभर गेली. आपल्याकडच्या प्रशिक्षणांत ती शिकवतात तेव्हा 'तुकडे पाडा, गट करा' एवढंच सांगतात. ती कुठल्या भांडणातून निघाली ते गाळतात. या गावात मात्र ती थेट मूळ कारणासाठीच उपयोगी पडली.

गटप्रमुख नेमायचा नाही, हेही सरांनी पहिल्याच महिन्यात ठरवलं. सुरुवातीला नेमले होते. चारही गटांत वर्गातले पहिले चार नंबर प्रमुख झाले आणि बाकीची मुलं त्यांच्या पुढ्यात वह्या टाकून मोकळी. त्यानंतर आलेख काढायचं काम दर शनिवारी फिरतं ठेवलं.

नोव्हेंबरचा शनिवार

दिवाळी झाली आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. इथल्या कितीतरी घरांत नवरा-बायकोच्या जोडीने, म्हणजे एका कोयत्यावर, मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते. कारखाने सुरू झाले की पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जावंच लागतं. लहान भावंडं सांभाळायला मोठं मूल बरोबर जातं. शिक्षण हक्क कायद्याचं कवच ६ ते १४ वयापर्यंतचं. नववीतलं मूल त्या वयाच्या काठावर किंवा पलीकडे गेलेलं असतं.

वरच्या वस्तीच्या आडाची जोडी दोन चुलत भावांची होती. दोघंही एकाच ट्रॅक्टरमधून गेले. तो आड त्याच वस्तीतल्या दोन मुलींकडे आला. त्यांनी दोरी घेतली, वही घेतली, आणि त्या शनिवारी आकडा आणला: ७.७५ मीटर. आधीच्या शनिवारी मुलांनी लिहिलेला आकडा होता ८.४०. म्हणजे पाणी ६५ सेंटिमीटरनं वर आलं होतं. पाऊस नव्हता. रब्बीची भरणी जोरात होती आणि बाकीच्या आठ ठिकाणी पाणी थोडंथोडं खालीच गेलं होतं.

ताळ्याच्या गटात पहिल्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "पाऊस नाही आन पाणी वर आलंय व्हय? घरी बसून लिहायलीस तू."

"आमी दोघींनी मोजलंय. हिला इचार."

"मग आधीच्यांनी मनानं लिहिलं आसंल. ते तर आता फडावर गेले, त्यांना कोण इचारणार?"

वाद चढत गेला. एका बाजूने मुली खोटं बोलतात, दुसऱ्या बाजूने ऊसतोडीला गेलेली मुलं खोटारडी. आणि दोन्ही आरोपांच्या मागे वस्तीचा वास होताच. सर वर्गातच होते. त्यांनी निवाडा दिला नाही. फळ्यावर दोन्ही आकडे लिहिले आणि विचारलं, "दोन्ही आकडे खरे असतील, असं समजा. मग काय झालं असेल?"

या एका प्रश्नासाठी मी हे प्रकरण लिहायला घेतलं. 'भांडू नका, मिळून काम करा' हे मुलांनी बालवाडीपासून ऐकलेलं असतं. समोरच्याला खोटं ठरवल्याशिवाय दोन न जुळणाऱ्या आकड्यांकडे बघायचं कसं, हे मात्र त्यांना कधी कुणी शिकवलेलं नसतं. संघकार्याचा विज्ञानाशी संबंध असलाच तर तो इथे आहे, तक्त्यावरच्या पाच नावांत नाही.

पहिला तर्क मोटरचा निघाला. आदल्या शनिवारी जवळची मोटर चालू असेल, म्हणून तेव्हा पाणी खाली होतं. पटण्यासारखं होतं. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा बोलला. हा मुलगा प्रगती पुस्तकात कायम खाली. पण बापाबरोबर रात्री दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जाणारा.

"सर, लाईटीची पाळी बघा की. आदल्या हप्त्यात लाईट दिवसाची होती, सकाळी सातला मोटरी बंदच होत्या. ह्या हप्त्यात रातची होती. आमची मोटर त्या आडाच्या शेजारी हाय, पहाटपर्यंत चालू होती. तवा पाणी आता खाली जायला पायजे. वर कामून यील?"

शेतीच्या थ्री फेजची पाळी आठवड्याआड दिवसा आणि रात्री अशी फिरते, हे वर्गातल्या सगळ्यांना माहीत होतं. ते आकड्यांशी जोडलं एकट्याने. मोटरचा तर्क उलटा पडला. सरांनी त्याला फळ्यापाशी बोलावून दोन्ही आठवड्यांपुढे लाईटीची पाळी लिहायला लावली. त्या दिवसापासून सगळ्या वह्यांत 'लाईट: दिवसा/रात्री' असा एक रकाना वाढला.

मग उरलं काय? दोरी तीच. आड तोच. एका मुलीने विचारलं, "ते मोजायचे कुठून?" वहीत फक्त तारीख आणि आकडा. सरांनी संध्याकाळी, टोळी उसाच्या फडावरून कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीवर परतायच्या वेळेला, मुलाच्या वडिलांच्या मोबाइलवर फोन लावला आणि स्पीकर चालू केला. शेजारी त्या दोन्ही मुली आणि पहिल्या बाकावरचा तो मुलगा.

"कठड्यावरून, सर. उगवतीच्या अंगाला चुन्याची खूण केलीया की आमी."

खूण मुलींनी बघितली होती. दिवाळीत कुणीतरी कठडा रंगवताना चुना लागला असेल, असं समजून त्यांनी वर ओढलेली दोरी चिमटीपासून कठड्याला बाहेरून लावली, जमिनीपर्यंतचा तुकडा सोडला आणि उरलेल्या दोरीचा आकडा घेतला होता. दुसऱ्या दिवशी तिघांनी जाऊन कठडा मोजला: ७५ सेंटिमीटर. जमिनीपासून ७.७५, म्हणजे कठड्यावरून ८.५०. पाणी वर आलंच नव्हतं. दहा सेंटिमीटर खाली गेलं होतं, बाकीच्या विहिरींसारखंच. भूजल सर्वेक्षणातही पातळी देताना ती जमिनीपासून खाली किती मीटर अशी देतात आणि मोजमापाच्या जागेची उंची त्यातून वजा करतात. हे सरांनी सांगितलं ते यानंतर. आधी सांगितलं असतं तर पाठ झालं असतं, कळलं नसतं.

कुणी खोटं बोललं नव्हतं. माहिती एका जोडीच्या डोक्यात होती आणि ती जोडी ट्रॅक्टरमध्ये बसून गेली होती. मराठवाड्यातल्या शाळेत, जिथे दिवाळीनंतर बाकं रिकामी होतात, तिथे गटात काम करणं म्हणजे आपलं काम दुसऱ्याच्या हाती देता येईल असं लिहून ठेवणं. त्या सोमवारी सगळ्या वह्यांचं पहिलं पान नव्याने लिहिलं गेलं: कुठून मोजायचं, खूण कोणत्या बाजूला, दोरी कुणी धरायची, जवळ कुणाची मोटर. कठड्याची आकृतीही काढली.

डिसेंबरात पाण्याचा जडपणा बघायला साबणाच्या पाण्याचे थेंब मोजायचा प्रयोग झाला. एकाच बाटलीतल्या पाण्याला टिकाऊ फेस यायला एकीला १४ थेंब लागले, दुसऱ्याला २२. कुणी 'खोटं' म्हणालं नाही. पहिला प्रश्न आला तो, "तू किती वेळा हलवलंस?" बाटली वीस वेळा हलवायची आणि फेस एक मिनिट टिकला तरच धरायचा, असं त्यांनी आपसांतच ठरवून टाकलं. नोव्हेंबरचं भांडण वाया गेलं नव्हतं याचा मला दिसलेला सगळ्यात पक्का पुरावा हाच.

गुणांची भानगड

विज्ञानात लेखी ८० सोडले तर २० गुण उरतात, त्यातले काही सरांनी या प्रकल्पाला दिले. गटाला एकच गुण दिले तर काम करणारा चिडतो. प्रत्येकाला वेगळे दिले तर गट कशाला? सरांनी वही-बदल केली. जानेवारीत प्रत्येक जोडीला दुसऱ्या वस्तीची वही दिली. फक्त ती वाचून त्यांची विहीर मोजायची. वहीचे मालक तिथे उभे, पण बोलायचं नाही. दोन्ही जोड्यांच्या आकड्यांत ५ सेंटिमीटरपर्यंतचा फरक चालेल.

पहिल्या फेरीत वर्गात पहिली येणारी मुलगी अडकली. तिला मिळालेल्या वहीत खूण चुकीच्या बाजूला लिहिली होती. आकडा चुकला, तिचे गुण गेले, आणि वडील शाळेत आले. त्यांचं म्हणणं रास्त होतं: दुसऱ्याच्या गचाळ लिखाणाची शिक्षा माझ्या पोरीला का? सरांनी नियम बदलला. वहीत लिहिलं तसं मोजलं की मोजणाऱ्याला पूर्ण गुण. आकडा जुळला नाही तर कात्री वहीच्या मालकाच्या गुणांना. हा फरक लहान दिसतो, पण दुसऱ्यासाठी नीट लिहिणं हीच स्वतःची जबाबदारी झाली. एका फेरीत वह्या सुधारल्या.

एका जोडीचं मात्र काही केल्या जमलं नाही. दोघं भावकीतले आणि सामाईक विहिरीच्या पाळीवरून दोघांच्या बापांचं भांडण कोर्टात. नेमकी तीच विहीर त्यांना आली होती. एक आला की दुसरा येत नसे. शेवटी त्यांना वेगळ्या विहिरी दिल्या. ताळ्याच्या गटात ते समोरासमोर बसायचे, एकमेकांचा आकडा लिहून घ्यायचे, त्यापलीकडे बोलायचे नाहीत. शाळेच्या प्रकल्पाकडून याहून जास्त अपेक्षा धरू नये.

तालुक्याच्या प्रदर्शनात या कामाला क्रमांक मिळाला नाही. "मॉडेल कुठाय?" हा परीक्षकांचा पहिला प्रश्न होता, आणि टेबलावर दोरी, वाटी, नऊ वह्या आणि एक लांबलचक आलेख. आपल्या बक्षिसांचा साचाच तसा आहे. केंद्र सरकारच्या इन्स्पायर अवॉर्ड मानक योजनेत निवड होते ती एका विद्यार्थ्याच्या कल्पनेची, आणि १०,००० रुपये जमा होतात तेही त्याच्या एकट्याच्या खात्यात. योजना वाईट नाही, पण नऊ वह्यांचं काम तिच्यात बसत नाही. १९९३ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेचा रोख स्थानिक प्रश्नांच्या अभ्यासावर असतो. असं काम तिथे जास्त शोभेल, असं मी सरांना सुचवलं आहे.

ऊसतोडीला गेलेल्या दोघा भावांच्या गुणांवर स्टाफरूममध्ये बरीच चर्चा झाली. हजेरी कमी होती. पण सप्टेंबरपासून दिवाळीपर्यंतचे आडाचे सगळे आकडे त्यांचेच होते, आलेखाचा तो तुकडा त्यांच्याशिवाय उभाच राहत नव्हता. सरांनी तेवढ्या काळाचे गुण दिले आणि अहवालावर त्यांची नावं त्या तारखांपुढे लिहिली. मुख्याध्यापकांनी थोडी कुरकुर करून सही केली.

यंदा मोजणी जूनमध्येच सुरू झाली आहे. प्रत्येक विहिरीवर जोडीऐवजी तिघं आहेत, आणि त्यातला एक तरी दिवाळीनंतर गावात राहणारा असेल असं बघून निवडलाय. साबणाचा प्रयोग वेळ फार खातो म्हणून दिवाळीच्या सुट्टीपुरता ठेवला आहे. कठड्यावरच्या खुणा आता ऑइल पेंटच्या आहेत, आणि त्यांच्या शेजारी 'इथून मोजा' असं लिहिलं आहे.